विश्लेषण : विद्यापीठ स्टार्टअपमध्ये पैसे घालतं म्हणजे काय? कॉलेजच्या प्रोजेक्टवर मालकी कुणाची?

काजूचा हंगाम आला की मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या बागांमध्ये एकच दृश्य दिसतं. बी गोळा होते आणि बोंडू बहुतेक ठिकाणी झाडाखालीच सडतो. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडूपासून फेणी बनते.

समजा, मालवणच्या एखाद्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून बोंडूचा रस काढून तो टिकवणारं छोटं यंत्र बनवलं. वर्कशॉप कॉलेजचं, लेथ कॉलेजचा, मार्गदर्शन सरांचं. वर्षभराने त्याला कंपनी काढायची आहे. मग यंत्र कुणाचं? आणि संस्था म्हणाली, 'मदत करतो, पण कंपनीत हिस्सा द्या', तर किती द्यायचा?

पैसे येतात कुठून?

विद्यापीठ आपल्या तिजोरीतून थेट शेअर विकत घेतं, असं सहसा होत नाही. अनेक संस्थांना कायद्याने तसे शेअर ठेवताच येत नाहीत. म्हणून वेगळी सोसायटी किंवा ना-नफा कंपनी स्थापन होते आणि हिस्सा तिच्या नावावर राहतो. आयआयटी मुंबईची 'साइन' ही अशी सोसायटी २००४ पासून आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं 'व्हेंचर सेंटर' २००७ चं.

या इन्क्युबेटरकडचा पैसाही बऱ्याचदा सरकारी योजनांचा असतो. २०२१ मध्ये सुरू झालेली ९४५ कोटींची 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजना हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोखे अशी रचना होती. परिवर्तनीय म्हणजे आज ते कर्ज असतं आणि पुढे मोठा गुंतवणूकदार आला की त्याचे शेअर होतात. 'अनुदान मिळालं' असं सांगणाऱ्या मित्राला म्हणूनच आधी विचारावं, अनुदान की कर्जरोखे? दोन्हींचा चेक सारखाच दिसतो.

हिस्सा किती?

केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात आकडा आहे : २ ते ९.५ टक्के. जागा, नाव, प्राध्यापकांचा सहभाग, संस्थेचं पेटंट यातलं काय आणि किती वापरलं, त्यावर तो ठरवायचा. ९.५ ची मर्यादा अशासाठी, की कंपनी अडचणीत आली तर कायदेशीर जबाबदारी संस्थेच्या गळ्यात पडू नये. शिवाय संस्थेने एरवी याहून बराच कमी हिस्सा घ्यावा, असंही धोरण म्हणतं. हे वाक्य वाटाघाटीच्या टेबलावर फारसं कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून विद्यार्थ्याने ते पाठ करून जावं.

आता गणित. कंपनीची किंमत २ कोटी असताना ५ टक्के म्हणजे १० लाख. पुढे कुणी पैसे घालून २० टक्के नवे शेअर घेतले, तर सगळ्या जुन्या भागधारकांचा हिस्सा आटतो आणि संस्थेचे ५ टक्के ४ होतात. पण त्या वेळी कंपनीची किंमत १० कोटी धरली गेली, तर त्या ४ टक्क्यांचे ४० लाख होतात. कंपनी बुडाली, तर शून्य.

खरी मेख प्रोजेक्टमध्ये

अनेक मुलांचा इथेच गैरसमज होतो. 'डोकं माझं, म्हणजे यंत्र माझं' हे नेहमी खरं नसतं. त्याच धोरणानुसार संस्थेची साधनं किंवा पैसा लक्षणीय प्रमाणात वापरला, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर हक्क संशोधक आणि संस्था यांचा संयुक्त. संस्थेची सुविधा न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर केलेलं काम मात्र पूर्णपणे विद्यार्थ्याचं. म्हणजे बोंडूचं यंत्र शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर त्यात कॉलेज भागीदार ठरतं. घरामागच्या पडवीत, स्वतःच्या खर्चाने, हौसेने बनवलं असेल तर नाही.

संयुक्त हक्क म्हणजे धंदा अडला असं नाही. विद्यार्थी संस्थेकडून परवाना घेऊ शकतो. अशा वेळी रॉयल्टी विक्री किमतीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, शक्यतो १ ते २ टक्केच असावी, असं धोरण सुचवतं. मालकीवरून वाद झाला तर किमान पाच जणांची समिती : दोन प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी किंवा उद्योगतज्ज्ञ आणि एक कायदेतज्ज्ञ.

संस्थेच्या हाती काय लागतं?

कधी घबाड. गुगलच्या मूळ शोधतंत्राचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. परवान्याच्या बदल्यात मिळालेले शेअर २००५ मध्ये विकून विद्यापीठाला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेशन सेलने २०२५ मध्ये 'एथर एनर्जी'च्या आयपीओत आपले काही शेअर विकले. पण प्रत्येक गोष्ट अशी सरळ चढत जात नाही. 'साइन'मध्ये वाढलेली ड्रोन कंपनी 'आयडियाफोर्ज' २०२३ मध्ये ६७२ रुपये दराने बाजारात आली, पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाली आणि पुढे मूळ दराच्याही खाली गेली.

सिंधुदुर्गाने विद्यापीठीय संशोधनाचा फायदा पाहिला आहे, पण वेगळ्या वाटेने. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्रातून निघालेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती कलमांच्या रूपाने बागांत गेल्या. त्यात स्टार्टअप नव्हतं की शेअर नव्हते. बी सुधारली, बागायतदाराला फायदा झाला. बोंडूवर प्रक्रिया करायची तर मात्र यंत्र, भांडवल आणि बाजार लागतो. रोपवाटिकेतून ते मिळत नाही.

मग विद्यार्थ्याने जायचं कुठे?

जिल्ह्यातली बरीच पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळाची तरतूद आहे, त्यामुळे चौकशी तिथून सुरू करता येते. कॉलेजचं स्वतःचं बौद्धिक संपदा धोरण आहे का, हे लेखी मागावं. नसेल तर हिस्सा आणि रॉयल्टी काम सुरू होण्याआधीच कागदावर ठरवून घ्यावी.

आणि यंत्राचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याआधी पेटंटचा प्राथमिक अर्ज करावा, कारण एकदा जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं अवघड होतं. ऑनलाइन अर्जाचं व्यक्तीसाठीचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, म्हणजे काजूचा पुढचा हंगाम येईपर्यंत.