मंदीतला रमजान आणि उधारीची वही

मालेगावात मंदी आधी कानाला कळते. यंत्रमागांचा खडखडाट दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आला, की मोसम नदीच्या दोन्ही काठांवरचे दुकानदार सावध होतात. माग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर, तीही आठवड्याच्या आठवड्याला. माग थांबला की हप्ता बुडतो आणि हप्ता बुडाला की किराणा उधारीवर जातो. त्याच सुमारास कांद्याचा भाव पडला, तर कसमादेच्या खेड्यांतले गिऱ्हाईकही शहराकडे फिरकत नाही.

रमजानमध्ये हे अधिक जाणवते. शिंपी, चप्पलवाले, बांगडीवाले, शेवयावाले या एका महिन्यात वर्षाची बेगमी करतात.

घर जितके गरीब तितका मिळकतीचा मोठा वाटा अन्नावर जातो, असे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले. घर चालवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही. ती आधी पडदे आणि क्रोकरी वगळते, मग मोठ्यांचे कपडे. मुलांचे अगदी शेवटी. खजुराच्या डब्याऐवजी सुटा पाव किलो येतो. शीरखुर्म्यात दूध तेवढेच राहते, पण पिस्ता-चारोळी घटते आणि खोबरे वाढते. शेजारी जाणारे इफ्तारीचे ताट मात्र सहसा बंद होत नाही. त्यात फळांच्या दोन फोडी कमी आणि भजी जास्त, इतकेच. ओढाताण पाहुण्याला कळू नये, ही धडपड वेगळीच.

पण या घराची काटकसर ही त्या घराची मिळकत असते. न शिवलेल्या जोडामागे शिंप्याचा कारागीर असतो, काज-बटण करणारी बाई असते. त्यांचा हात आखडला, की चहावाल्याचा आणि फळगाडीवाल्याचाही गल्ला उतरतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरीला रोकड नाही म्हणून इथले माग बंद पडले. पुढच्या वर्षी ईद होऊन आठवडाही झाला नाही, तोच १ जुलैला जीएसटी आला. २०२० चा रमजान तर पूर्ण टाळेबंदीत गेला. नवे कपडे घेऊ नका, तो पैसा गरजूंना द्या, असे आवाहन तेव्हा ठिकठिकाणी झाले. ते योग्यच होते; त्या पैशातून अनेक घरांत चूल पेटली. मात्र वर्षाची कमाई गमावलेला शिंपी रेशनच्या किटसाठी रांगेत उभा राहायला लाजला, आणि गरजूंच्या यादीत त्याचे नाव कुणी घातले नाही.

जकातीतली अडचणही इथलीच. निसाबाइतकी म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्या अडीच टक्के जकात द्यावी लागते. मंदीत शिल्लकच आटते, म्हणून घेणारे वाढतात त्याच वर्षी देणारे घटतात. काल जकात देणारा छोटा दुकानदार आज कर्जात असतो. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. पण ज्याच्या दुकानाचे शटर रोज उघडते, तो कर्जबाजारी असेल असे कुणाच्या मनात येत नाही.

अडचणीतल्या ऋणकोला सवलत द्या, ही कुरआनची शिकवण किराणावाले न बोलता पाळतात. त्यांत मारवाडी आहेत, वाणी आहेत, मोमीनही आहेत. पण घाऊक व्यापारी त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि उधारीच्या वहीत अडकते ते त्यांचे भांडवल.

शेवटच्या दहा दिवसांत किदवाई रोडवर रात्री उशिरापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी पाहून मंदी कुठे आहे, असा प्रश्न पडतो. फेरीवाल्याला विचारावे. भाव करणारे पुष्कळ असतात, पिशवी घेऊन परतणारे थोडे. त्याने माल ईदनंतर पैसे देण्याच्या बोलीवर उचललेला असतो. उरलेल्या बांगड्या दिवाळीपर्यंत तरी विकता येतात. मुलांच्या कपड्यांची फॅशन तोवर बदललेली असते.