इंजिन ओढेल, गियरबॉक्स टिकेल का?

१९९७ सालची डॉज रॅम डिझेल पिकअप घेणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकापुढे एक विचित्र निवड असे. बॉनेटखालचं इंजिन दोन्हीकडे तेच: कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, बारा व्हॉल्व्हचं. पण हाताने गियर टाकायची गाडी घेतली तर २१५ अश्वशक्ती मिळे आणि ऑटोमॅटिक घेतली तर १८०. उरलेली ३५ अश्वशक्ती कारखान्यानेच रोखून धरली होती. अडचण इंजिनाची नव्हती. त्याच्या मागे बसवलेल्या ‘४७ आरई’ या चार गियरच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सला सोसेल तेवढाच जोर त्याच्या हवाली केला जात होता.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीची क्रेट वाहणारी छोटी गाडी आठवते. अमेरिकेतली ही पिकअप एकटीच तीन टनांच्या आसपास भरते आणि मागे घोड्यांचा, बोटीचा किंवा चाकावरच्या घराचा ट्रेलर ओढते. तिचं इंजिन मात्र भारतात अगदीच परकं नाही. पुण्यात कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. पुढे याच ‘बी’ मालिकेतली ५.९ लिटरची इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये बनून टाटांच्या ट्रकमध्ये धावली. पंचविशी ओलांडलेल्या या रॅम गाड्या अजून कामावर आहेत, त्या या इंजिनामुळेच. त्यांच्या मालकांची तक्रार एकच असते: सपाटीला गाडी उत्तम, चढाला दम लागतो.

दम का लागतो, ते साध्या हिशेबाने कळतं. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो. चढ सहा-सात टक्क्यांचा. गाडी आणि ट्रेलर मिळून आठ टन धरले, तर सहा टक्क्यांचा चढ ताशी ७२ किलोमीटरने चढायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ९४ किलोवॉट, म्हणजे सव्वाशे अश्वशक्ती लागते. वाऱ्याचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळवलं की आकडा दीडशेच्या पुढे जातो. आणि इंजिनाच्या १८० पैकी काही भाग गियरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्येच खर्च होतो. म्हणजे चढाच्या मध्यावर वेग पडणार, हे गणितातच लिहिलेलं आहे.

आता गंमत अशी, की या इंजिनाची ताकद वाढवणं फार सोपं आहे. पेट्रोल इंजिनासारखी आत येणारी हवा रोखून डिझेल इंजिनाचा जोर ठरत नाही. तो ठरतो किती डिझेल फवारलं यावर. १९९४ ते १९९८ च्या रॅममध्ये बॉशचा पी-७१०० हा पूर्णपणे यांत्रिक पंप आहे. त्यात डिझेलची कमाल मात्रा ठरवणारी लोखंडाची एक छोटी प्लेट असते. ती थोडी पुढे सरकवली किंवा घासून तिचा आकार बदलला, की डिझेल जास्त जातं. संगणक नाही, सॉफ्टवेअर नाही. पाना हाताळता येणारा कुणीही हे करू शकतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जास्त डिझेलला जास्त हवा हवी. ती मिळाली नाही, तर सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि धुराचं तापमान झपाट्याने चढतं. टर्बोच्या आधी मोजलेलं १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअस, ही बहुतेक जाणकार मेकॅनिकांची मर्यादा आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. खालून ऑइलचा फवारा बसत असल्याने पिस्टन धुराइतके तापत नाहीत, पण ही सवलत अमर्याद नाही. दहा सेकंदांच्या शर्यतीत जे खपून जातं, ते वीस मिनिटांच्या चढाला खपत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे मोठमोठे टर्बो ट्रेलरवाल्याला निरुपयोगी ठरतात तेही यामुळेच. त्याला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर लवकर हवा देणारा मध्यम टर्बो हवा असतो.

खरं दुखणं मात्र त्याच्याही मागे आहे.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पात्यांची चाकं. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेल ढकलतं आणि ते तेल दुसरं चाक फिरवतं. दोन्हींचा वेग सारखा नसतो, आणि त्या फरकातली ऊर्जा तेल तापवण्यात जाते. चढाला १०० किलोवॉटपैकी १५ टक्के अशी वाया गेली, तरी दोन किलोवॉटचे सात गीझर एकदम लावल्याइतकी उष्णता त्या तेलात ओतली जाते. हे टाळण्यासाठी कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. तो दाबला गेला की दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जातात आणि घसरण थांबते. कारखान्याच्या कन्व्हर्टरमध्ये या क्लचची एकच तबकडी आहे. पंपाची प्लेट सरकवून टॉर्क वाढवला, की नेमकी ती घसरू लागते. तिचं अस्तर झिजून तेलात उतरतं, तेल काळं पडतं आणि बारीक मार्ग तुंबतात. ज्या ताकदीसाठी खटाटोप केला, तीच गियरबॉक्सला खाते.

म्हणून अनुभवी मेकॅनिक कामाचा क्रम उलटा धरतात. आधी काटे: धुराचं तापमान, टर्बोचा दाब आणि गियरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या तेलाचं तापमान. मग मोठा कूलर. मग तीन तबकड्यांचा कन्व्हर्टर आणि तेलाचा दाब वाढवणारी सुधारित व्हॉल्व्ह बॉडी. डिझेल सगळ्यात शेवटी. याच्याही आधी बघायची गोष्ट फुकट आहे: ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल गियरबॉक्समधला दाब ठरवते, आणि जुन्या गाडीत ती सैल असली तर क्लच विनाकारण घसरतात. आणखी एक खोड माहीत असावी. चढ संपल्यावर गाडी ‘पार्क’मध्ये ठेवली, तर या गियरबॉक्सचं तेल कूलरमधून फिरतच नाही. हँडब्रेक ओढून ‘न्यूट्रल’मध्ये ठेवली तर फिरतं.

इंजिनाला हात न लावताही ओढ वाढते. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.५४ असेल तर ते बदलून ४.१० करता येतं. चाकावरचा जोर सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिन थोडं जास्त फिरतं, डिझेल थोडं जास्त लागतं. ट्रेलर नेहमी ओढणाऱ्यासाठी हा सौदा वाईट नाही.

उतारावर तर वाढीव ताकदीचा काडीचा उपयोग नसतो. आठ टन थोपवायचे ते ब्रेकनेच, आणि डिझेल इंजिन स्वतःहून फारसं अडवत नाही. धूर कोंडून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवता येतो, पण ॲक्सिलरेटर सोडला की मूळ गियरबॉक्समधला दाब उतरतो. त्यामुळे तिथेही आधी गियरबॉक्स सुधारावा लागतो.

कायद्याची बाजूही आहे. प्रदूषण रोखणारी मूळ यंत्रणा काढून टाकणं अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बेकायदा आहे. तरीही एका दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ती काढली गेल्याचं तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये नोंदवलं. आणि इंजिन १८० चं ३०० अश्वशक्तीचं केलं, तरी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेली वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही.