ब्लूजच्या खणात न मावणारा जॉन हर्ट

मागच्या लेखात आपण ब्लाइंड लेमन जेफरसनची कहाणी पाहिली. टेक्सासच्या या अंध गायकाच्या रेकॉर्ड्स १९२६पासून अशा काही खपल्या, की एक माणूस आणि एक गिटार एवढ्या भांडवलावर धंदा चालतो याची कंपन्यांना खात्री पटली. मग त्यांची माणसं नवे गायक शोधत दक्षिणेत हिंडू लागली. त्याच काळात ओके कंपनीला मिळालेला गायक म्हणजे मिसिसिपी जॉन हर्ट. त्याची कथा सहसा अशी सांगतात : १९२८मध्ये काही रेकॉर्ड्स निघाल्या, मग मंदी आली, हर्ट पस्तीस वर्षं विस्मृतीत गेला आणि १९६३मध्ये ‘हरवलेला ब्लूज गायक’ सापडला. यातला घटनाक्रम खरा आहे. पण या मांडणीत सगळा दोष मंदीच्या आणि नशिबाच्या माथी जातो. माझ्या मते हर्टच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचं एक मोठं कारण मंदीच्या आधीचं आहे. गाणाऱ्याच्या कातडीचा रंग पाहून गाण्याची प्रतवारी करणारा कंपन्यांचा कॅटलॉग, हे ते कारण.

हा कॅटलॉग कसा तयार झाला, ते आधी पाहू. १९२०मध्ये ओकेनं मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ काढलं, ते प्रचंड खपलं आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी मालिका सुरू झाली. १९२३मध्ये याच कंपनीनं अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या वादकाचं ध्वनिमुद्रण केलं आणि खेड्यातल्या गोऱ्या श्रोत्यांचीही बाजारपेठ असल्याचं तिच्या लक्षात आलं. पुढे ओकेच्या यादीत ८०००पासूनचे क्रमांक काळ्यांसाठी आणि ४५०००पासूनचे क्रमांक गोऱ्यांच्या जुन्या वळणाच्या संगीतासाठी, अशी वाटणी झाली. जाहिराती वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळं. गाणं कोणत्या वळणाचं आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता हर्टचं गाव पाहा. मिसिसिपीच्या कॅरल काउंटीतलं अ‍ॅव्हलॉन हे लहानसं खेडं. हर्ट तिथं वाट्यानं शेती करी, मिळेल ती मजुरी करी आणि गावातल्या नाचगाण्यांत गिटार वाजवी. ती तो स्वतःच शिकला होता. त्याचा अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर आळीपाळीनं, अगदी समान ठोक्यात फिरतो आणि वरच्या तारांवर दोन बोटं गाण्याची चाल स्वतंत्रपणे वाजवत राहतात. नुसतं ऐकणाऱ्याला दोन गिटार वाजताहेत असं वाटावं. त्यावर आवाज हलका, बोलल्यासारखा. हे नाचासाठी घडलेलं वादन आहे, आणि ते फक्त काळ्यांच्या नाचासाठी नव्हतं. विली नार्मर हा गोरा फिडलवादक त्याच्याच भागातला. नार्मरचा नेहमीचा गिटारवादक शेल स्मिथ नसला, की हर्ट त्याला साथ देई. ओकेच्या टॉमी रॉकवेलला हर्टचं नाव सुचवलं ते या नार्मरनंच. फेब्रुवारी १९२८मध्ये मेम्फिसला हर्टचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. मायक्रोफोन तोंडाशी आणून ठेवला आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली, त्यामुळं पुढे कित्येक दिवस मान दुखत होती, असं त्यानं नंतर सांगितलं. त्या वर्षाअखेरीस त्याला न्यूयॉर्कलाही बोलावलं. दोन्ही खेपांची मिळून बारा गाणी बाजारात आली.

त्यातलं पहिलं ‘फ्रँकी’. प्रियकराला गोळी घालणाऱ्या बाईचं हे कथागीत दक्षिणेत काळे आणि गोरे दोघेही गात. ते गेलं ८०००च्या मालिकेत. वर्षभरानं नार्मर आणि स्मिथ यांनी ‘कॅरल काउंटी ब्लूज’ मुद्रित केलं. नावातच ब्लूज असलेली ती धून गेली ४५०००च्या मालिकेत. एकाच भागातले, एकमेकांना साथ करणारे वादक दोन वेगळ्या खणांत पडले, आणि कथागीतं, भक्तिगीतं, नाचाच्या चाली असं सगळं गाणारा हर्ट ‘ब्लूज गायक’ ठरला. नावामागं ‘मिसिसिपी’ लावलं तेही कंपनीनंच, खपासाठी.

यावर कोणी म्हणेल, की कंपन्या गिऱ्हाइकाची आवड पाहत होत्या. १९२८च्या काळ्या श्रोत्याला लेमनसारखं झणझणीत काही हवं होतं आणि हर्टची गाणी त्याला जुनाट वाटली असणार. हे बरंचसं खरं आहे. पण माझ्या मुद्द्याला त्यानं बळच मिळतं. ज्या श्रोत्याला ही जुनी कथागीतं रुचली असती, त्याच्यापर्यंत तो कॅटलॉग हर्टला पोचूच देत नव्हता. नार्मर-स्मिथ जोडीला मंदीच्या काळातच, १९३४मध्ये, ब्लूबर्ड कंपनीकडे पुन्हा संधी मिळाली. हर्टला मिळाली नाही. एवढ्यावरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, कारण त्या जोडीच्या रेकॉर्डचा खपही चांगला होता. पण त्यांच्यासाठी योग्य खण होता, एवढं नक्की.

याहून भक्कम पुरावा १९५२चा आहे. हॅरी स्मिथ या रेकॉर्ड-संग्राहकानं ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ या संचात हर्टची दोन गाणी घेतली आणि कोणत्याच कलाकाराचा वर्ण मुद्दाम नोंदवला नाही. हर्ट गोरा नाही हे लोकांना कळायला कित्येक वर्षं लागली, असं स्मिथनंच पुढे सांगितलं. म्हणजे कॅटलॉग बाजूला केल्यावर, निव्वळ कानांनी ही वाटणी करता येत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काळे-गोरे एकत्र वाजवत होते असं सांगून आपण त्या काळातल्या मिसिसिपीचं गोडगुलाबी चित्र तर रंगवत नाही ना? अजिबात नाही. चाली कुंपण ओलांडत होत्या, माणसांना ती मुभा नव्हती. मार्च १९६३मध्ये ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या गाण्यातल्या गावाच्या नावाचा माग काढत टॉम हॉस्किन्स हा गोरा तरुण हर्टच्या दारी पोचला, तेव्हा हा एफबीआयचा माणूस असावा या शंकेनं हर्ट आधी घाबरला. त्यानं काही गुन्हा केला होता म्हणून नव्हे. त्या राज्यात अनोळखी गोरा माणूस दारात आला, की काळ्या माणसाला भीती वाटावी अशीच परिस्थिती होती.

त्या शोधानं हर्टला न्यूपोर्ट महोत्सवाचा मंच, मान आणि मजुरीपेक्षा कितीतरी बरी कमाई दिली. हे श्रेय हॉस्किन्ससारख्या जुन्या रेकॉर्ड्सच्या संग्राहकांना द्यायलाच हवं. पण त्यांनीही आधीचाच खण झाडूनपुसून वापरला. दुःख, वणवण, सैतानाशी केलेला सौदा अशा कल्पना मनात घेऊन आलेल्या श्रोत्यांना हा सौम्य, गावातच रमलेला म्हातारा ‘अपवाद’ वाटला. मला तो अपवाद वाटत नाही. लग्नाकार्यात, नाचात, प्रार्थनेत लागेल ते गाणारे असे वादक गावोगाव होते. कंपन्यांनी त्यांच्याकडून हवं तेवढंच उचललं आणि आपण त्या उचललेल्या भागाला परंपरा म्हणू लागलो. २ नोव्हेंबर १९६६ रोजी हर्ट वारला, तेव्हा हा दुसरा डाव जेमतेम साडेतीन वर्षं चालला होता. पुढच्या लेखात आपण स्किप जेम्सकडे वळू. तोवर ‘फ्रँकी’ आणि ‘कॅरल काउंटी ब्लूज’ लागोपाठ ऐका, आणि कोणतं कोणत्या खणातलं हे आधी कानांना ठरवू द्या.