धडधड थांबते, धोका थांबत नाही

न्हावा-शेव्याचे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून या भागातली रात्र संपल्यासारखीच झाली. तिन्ही पाळ्यांत क्रेन चालतात, कंटेनरचे ट्रेलर ये-जा करतात. अशाच एखाद्या यार्डात रात्रपाळी करणारा तिशीतला तरुण डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या छातीत एकाएकी फडफड सुरू होते, जाळ्यातली मासळी तडफडावी तशी. दम लागतो, घाम फुटतो, जिना चढवत नाही. सोबतचे म्हणतात, ‘‘गॅस झाला असेल, सोडा पी.’’ दोन-तीन तासांत सारे शांत होते. सकाळी काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित येतो. महिन्याभराने पुन्हा तेच. घरचे म्हणतात, ‘‘जागरण आणि डोक्यातले विचार, दुसरे काही नाही.’’

वाचकहो, असे वारंवार होत असेल तर तो ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा विकार असू शकतो. हा सहसा उतारवयातला आजार मानला जातो. तथापि आपल्याकडे तो विशी-तिशीतही आढळतो आणि त्याला विशेष कारण आहे.

हृदयात नेमके काय बिघडते?

निरोगी हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात आणि ते एका लयीत पडतात. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. या थरथरीचा वेग मिनिटाला ३५० ते ६०० इतका असतो. त्यातले काही संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही वेडेवाकडे. म्हणून नाडी जलद आणि अनियमित लागते. पुष्कळदा हा झटका आपोआप थांबतो. झटका चालू असतानाच ईसीजी काढला तर निदान पक्के होते. नंतरचा ईसीजी चांगला आला म्हणून आजार नाही असे समजू नये. गरज पडल्यास चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ ठोक्यांची नोंद घेणारे होल्टर यंत्र लावतात.

तरुण वयात का होतो?

लहानपणी घसा दुखून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, मग सारे बरे होते आणि घरचे विसरूनही जातात. हाच ऱ्हुमॅटिक ताप. त्यातून हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पुढे काही वर्षांनी मायट्रल झडप अरुंद होते, तिच्यामागे रक्त तुंबते, डावी कर्णिका फुगते आणि तिची लय बिघडते. गरिबी आणि दाटीची वस्ती असते तेथे हा रोग अधिक दिसतो. म्हणून तरुण रुग्णाची सोनोग्राफीसारखी ‘इको’ तपासणी झालीच पाहिजे. थायरॉइडचा अतिरेक, वाढलेला रक्तदाब, मद्यपान, झोपेत श्वास अडखळणे आणि आनुवंशिकता हीही कारणे आहेत. एका रात्रीच्या भरपूर दारूनेही झटका येऊ शकतो.

खरा धोका कोठे?

थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचते आणि त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत १९७८ मध्ये असे दिसले की, या विकाराने पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो. झडपेचा ऱ्हुमॅटिक आजार सोबत असेल तर सतरापटीहून अधिक. म्हणजे घरातला कमावता हात तिशीतच लुळा पडू शकतो.

म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागते. ज्यांची झडप चांगली आहे आणि ज्यांना दुसरा आजार नाही, अशा तरुणांना तिची गरज नसूही शकते; ते डॉक्टर ठरवतात. परंतु मायट्रल झडप बरीच अरुंद असेल तर गोळी चुकवून चालत नाही. अशा रुग्णांसाठी वॉरफॅरीनच्या गटातली जुनी औषधेच अधिक चांगली, असे २४ देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या अभ्यासातून २०२२ मध्ये दिसून आले. आठवडाभर धडधड झाली नाही म्हणून रुग्ण ‘बरे वाटते’ असे म्हणून गोळी सोडतो, आणि घात होतो तो येथेच.

गोळी घेणाऱ्यांनी काय पाळावे?

‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी. तिचा आकडा साधारण २ ते ३ दरम्यान हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. मेथी, पालक, अळू खाण्यास हरकत नाही. मात्र महिनाभर वर्ज्य आणि मग एकदम ताटभर असे करू नये, प्रमाण सारखे ठेवावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. झाडपाल्याचे औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे. दात काढण्यापूर्वीही सांगावे. शौचास काळी होणे, हिरड्यांतून रक्त येणे, डोक्याला मार लागणे, यांपैकी काही झाल्यास लगेच दाखवावे. स्त्रियांनी मूल होऊ देण्याचा विचार करण्यापूर्वीच सल्ला घ्यावा, कारण वॉरफॅरीनने गर्भाला अपाय होऊ शकतो.

ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत. फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धत जपानच्या डॉ. इनोउए यांनी १९८४ मध्ये मांडली. योग्य रुग्णात छाती उघडावी लागत नाही. निवडक रुग्णांत बिघाडाची जागा नळीवाटे निकामी करतात. पूर्वी उरणकरांना मोठ्या रुग्णालयासाठी मोऱ्याची लाँच पकडून भाऊचा धक्का गाठावा लागे किंवा वाशीचा वळसा घ्यावा लागे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. शिवडीला उतरले की परळचे केईएम रुग्णालय जवळच.

घरच्यांसाठी दोन शब्द

असा तरुण नोकरी, संसार सारे करू शकतो. पुढच्या झटक्याची धास्ती त्याला झटक्याइतकीच छळते, त्यामुळे ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याची थट्टा करू नये. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजण्यास शिकावे. वेळ आणि आकडा वहीत लिहावा. झटक्यात छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा दम फार लागला तर रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले तर थांबून पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

आणि घरातले मूल घसा दुखतो, सांधे दुखतात म्हणत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ऱ्हुमॅटिक ताप ठरलाच तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, सांगितली तितकी वर्षे, न चुकता द्यावे. पुढच्या धडधडीची वाट तेथेच अडवता येते.