आधी जलदर्शन, मग तीर्थस्नान

आषाढ शुद्ध एकादशीस पंढरीत येणारा वारकरी आधी चंद्रभागेत स्नान करतो, मग पुंडलिकाचे दर्शन घेऊन विठुरायाच्या कळसाकडे पाहतो. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु या क्रमात स्नानाच्याही आधीची एक पायरी आहे, आणि अलीकडे तिचा आपणांस विसर पडत चालला आहे. ती पायरी म्हणजे पाण्याचे दर्शन. काठावर क्षणभर उभे राहून नदीची आजची प्रकृती कशी आहे, हे डोळे भरून पाहणे.

संस्कृतात ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. नदीत उतरण्याची वा ती ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार, हा त्याचा मूळ अर्थ. जेथे लेकराबाळांसह सुखरूप उतरता येते ते तीर्थ. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनोळखी जलाशयात स्नान करू नये, जेवून लगेच व मध्यरात्री करू नये, बाहुबळावर नदी तरून जाण्याचे साहस करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ‘देवाच्या दारी आलो, आता पाण्याचे भय कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. सावधपण हे श्रद्धेचे न्यून नव्हे. ती शास्त्राचीच आज्ञा आहे.

नदीचे मूळ शोधावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींपुरती ती खरी मानावी; स्नानाला निघालेल्याने मात्र नदीचे मूळ अवश्य शोधावे. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपुराशी तिने चंद्रकोरीसारखे वळण घेतले म्हणून तिला हे गोड नाव मिळाले. ती उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकरी. पंढरीत आभाळ निरभ्र असताना तिकडे घाटमाथ्यावर मुसळधार कोसळत असते. वाटेत उजनीचे धरण आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. धरणाच्या खाली नीरा-नरसिंहपुरास नीरा भीमेला मिळते. तिच्यावर वीर धरण आहे. म्हणजे पंढरीचे पाणी दोन धरणांच्या दारांवर अवलंबून असते. दारे उघडल्यावर ते पाणी काही तासांनी येऊन पोहोचते, आणि तेव्हा येथे पावसाचा थेंबही नसतो!

धरणाच्या विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रांत ‘क्युसेक’मध्ये छापून येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हटले की दर सेकंदास दोन लाख ऐंशी हजार लिटरांहून अधिक पाणी. आकडा कालच्यापेक्षा वाढला असेल, तर कालचा उतार आज उतार राहिलेला नाही, असेच समजावे.

काठावरची परीक्षा

आकडे न कळणाऱ्यासही नदी स्वतः खुणा सांगत असते. वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर ही पंढरपूरकरांची जुनी मोजपट्टी. त्या मंदिराला पाण्याने वेढा घातला की नदी चढली, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असते. आपण ज्या घाटावर उभे असाल तेथे पाण्याच्या रेषेवर एक खडा ठेवावा. पाव घटकेने, घटकेने पुन्हा पाहावे. खडा बुडाला तर पाणी चढते आहे. लेकरांना वर घ्यावे. निवळ पाणी एकाएकी तांबूस, गढूळ झाले, फेस, काटक्या, पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर वरून लोंढा येत आहे असे जाणावे.

प्रवाहाला ओढ किती, हेही पाहता येते. एक वाळके पान धारेत सोडावे आणि काठाकाठाने त्याच्याबरोबर चालावे. रमतगमत चालून त्याची सोबत होत असेल तर ओढ बेताची. भरभर पावले टाकावी लागली, तर त्या पाण्यात पाऊल घालू नये. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो; म्हणूनच गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला आडवे करते.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण सर्वांच्या तोंडी असते. तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. खोल पाणी गप्प असते. संथ, काळसर, आरशासारखा दिसणारा डोह पाहून भुलू नये. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला खोली व ओढ अधिक, आतल्या काठाला वाळू साचून पाणी उथळ. वाळूउपशाने पडलेले खड्डे तर वरून दिसतही नाहीत. एका पावलावर घोटाभर, दुसऱ्यावर गळ्याएवढे. म्हणून काठीने चाचपल्यावाचून पुढे जाऊ नये. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती फिरते आणि माणसाला सोडत नाही. तेथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये.

नौकाविहार आणि वारा

पंढरीस आलेली कुटुंबे गोपाळपूरजवळच्या विष्णुपदास होडीने जातात. तो आनंद अवश्य घ्यावा. पण होडीत माणसे मोजकी आहेत ना, प्रत्येकास तरंगण्याचे जाकीट आहे ना, हे पाहूनच पाय ठेवावा. नदीत ओढ पाहायची, तर तलावात वारा. विस्तीर्ण पाण्यावरून वारा जितका लांबून येतो तितक्या लाटा वाढतात. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान लेकरेही होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटू लागले की होडी काठालाच बरी.

आम्ही कीर्तनकार गजेंद्रमोक्षाचे आख्यान लावतो तेव्हा श्रोते त्या आर्त हाकेला गहिवरतात. पण भागवताच्या आठव्या स्कंधातील तो गजराज सरोवरावर आला होता कशाला? तहान भागवून जलक्रीडा करायला. कमळांनी भरलेले रम्य पाणी त्याने पाहिले. पाण्यातील नक्र पाहिला नाही. भगवंत धावून आले ही त्यांची कृपा. त्या कृपेच्या भरवशावर मुद्दाम नक्राच्या तोंडी पाय द्यावा, असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही.

पाणी उतरण्याजोगे नसेल तर?

मग स्नान चुकले म्हणून हळहळू नये. पावसाळ्याच्या आरंभी नद्यांना रजस्वला मानून धर्मशास्त्रकारांनी त्या काळच्या स्नानाला मर्यादा घातल्या, अपवादही सांगितले. ‘रज’ म्हणजे धूळही. पहिल्या पावसाने शिवाराची सारी घाण नदीत येते आणि तिच्याबरोबर पोटाचे विकार येतात, हे आज वैद्यही सांगतात. शास्त्राने स्नानाचे सात प्रकार मानले आहेत. पाण्यात बुडी मारणे हे त्यांतले एक, वारुण स्नान. मंत्रस्नान आहे, मानसस्नानही आहे. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी अंगावर घ्यावे, नदीमातेस हात जोडावेत. पुण्यात तसूभरही उणे येत नाही.

आणि कोणी वाहून जाताना दिसले, तर आवेगाने उडी घालू नये. एकाऐवजी दोन जीव जातात. धोतर, उपरणे, लुगडे, दोर, पताकेची काठी, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे वा पुढे करावे आणि होडीवाल्या कोळी बांधवांना हाक द्यावी. स्वतः ओढीत सापडल्यास प्रवाहाशी झुंजू नये. त्याच्याबरोबर जात तिरपे काठाकडे सरकावे.

भाविकहो, विठुराया अठ्ठावीस युगे विटेवर उभाच आहे. तो कोठे जात नाही. नदी मात्र घटकेघटकेला बदलते. म्हणून एकादशीस घाटावर पोचल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांना वर थांबवावे, आपण पुढे होऊन पाणी पाहावे, आणि मगच लेकरांचा हात धरून पायरी उतरावी.