चित्र ठरतं गच्चीवर

दिवाळीच्या आठवड्यात टीव्हीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भिंतीभर पडदे, सगळ्यांवर तीच डोळे दिपवणारी चित्रफीत. गिऱ्हाईक इंच विचारतं, घासाघीस करतं, हप्ते बांधून घेतं. घरी आल्यावर मात्र जुन्या सेट-टॉप डब्याची तीच पिवळी-लाल-पांढरी वायर नव्या टीव्हीला जोडली जाते, आणि पंचावन्न इंची पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा पुसट दिसतो. बोल लागतो टीव्ही कंपनीला. टीव्हीचा काही दोष नसतो. डबा एचडी असला तरी त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय केबल लावावी लागते, आणि डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन वाढवावं लागतं. दहा मिनिटांचं काम, पण ते करून द्यायची जबाबदारी दुकानदार घेत नाही आणि केबलवालाही घेत नाही.

चांगल्या चित्राचा उगम घराबाहेर असतो. लहर कुठून येते, वाटेत तिला काय आडवं येतं, ती पकडणारं साधन कोणाच्या हाताने बसलंय आणि तिथून दिवाणखान्यापर्यंत ती कशी उतरवलीय, यावर पुढचं सगळं ठरतं. महाराष्ट्रात त्यात डोंगराची भर पडते. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीचा अर्धा इतिहास सह्याद्रीने लिहिला आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढे वरळीला सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. टीव्हीची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या उंच मनोऱ्याची नजरही फार तर ऐंशी किलोमीटरपर्यंत पोचते. म्हणजे वसई, पनवेल, अलिबाग. पुढे घाट. पुण्याला चित्र मिळालं ते १९७३ साली सिंहगडावर प्रक्षेपक बसला म्हणून. तेराशे मीटरच्या वर असलेल्या त्या माथ्यावरून सारं पुणं आणि भोवतालची मावळं नजरेच्या टप्प्यात येतात. पण ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम ज्या शेतकऱ्यांसाठी तयार होत होता, त्यांतल्या बहुतेकांच्या शिवारापर्यंत ती लहर तेव्हा जात नव्हती, ही गोष्ट मला आजही खटकते. कार्यक्रम होता, प्रेक्षक होता, मध्ये डोंगर होता.

जिथे लहर पोचत होती तिथे गच्च्यांवर आणि कौलांवर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या उभ्या राहिल्या. हा अँटेना जपानी. तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास तो जगापुढे आणला. त्याची रचना अजूनही पाहण्यासारखी आहे. मधली वळवलेली दांडी लहर पकडते, तिथूनच वायर खाली येते. मागची, किंचित लांब दांडी लहर परत पुढे लोटते. पुढच्या आखूड काड्या ती एका दिशेने गोळा करतात. दांडीची लांबी लहरीच्या निम्मी. ६५ मेगाहर्ट्झची लहर साडेचार मीटरहून लांब असते, म्हणून मधली दांडी सव्वादोन मीटरची, माणसापेक्षा उंच. २०० मेगाहर्ट्झच्या वाहिनीला पाऊण मीटर पुरते. म्हणूनच एकाच पाइपावर मोठा आणि छोटा असे दोन अँटेना दिसायचे. दांड्यांची संख्या वाढली की पकड वाढते, पण अँटेनाची नजर अरुंद होते, मग तो चार बोटं जरी फिरला तरी चित्र जातं. वादळी रात्रीनंतर गच्चीवर एकजण, जिन्यात दुसरा आणि टीव्हीपुढे तिसरा, ‘आलं, आलं… गेलं’ ही हाकाटी घरोघर चालायची ती यामुळे.

लहर कमी पडली की पडद्यावर मुंग्या. त्यावर बूस्टर हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय, आणि बहुतेकांनी चुकीच्या जागी बसवलेला. तो टीव्हीशेजारी ठेवला की वायरीतून येताना क्षीण झालेली लहर आणि वाटेत मिसळलेला गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. जागा त्याची वर, अँटेनाच्या बुडाशी. दुसरी व्याधी दुहेरी चित्राची. समोरच्या डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून आपटून आलेली लहर उशिरा पोचते आणि मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट सावली उमटवते. ती ३०० मीटर जास्त फिरून आली तर वीस इंची पडद्यावर सावली पाऊण सेंटीमीटर सरकलेली दिसते. कारागीर पडद्यावरचं अंतर पाहूनच सांगायचे, अडथळा साधारण किती दूरचा आहे ते. इथे बूस्टर निरुपयोगी; अँटेना थोडा फिरवून सरळ लहर धरायची आणि आपटलेली टाकायची, एवढाच मार्ग.

१५ ऑगस्ट १९८२ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले. १९८३ला सोडलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहाच्या आधाराने देशभर छोटे, १०० वॉटचे प्रक्षेपक झपाट्याने बसू लागले. तालुक्याच्या गावाला टीव्ही पोचला तो या छोट्या केंद्रांमुळे. त्यांचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरचा. डोंगराच्या कुशीतली वाडी तरीही कोरडीच राहायची. ‘रामायण’ १९८७च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा कोकणात टेकडीवरच्या एखाद्या घरी शेजारच्या खोऱ्यातले लोक का जमायचे, याचं उत्तर भूगोलात आहे. खोऱ्यात टीव्ही घेऊनही उपयोग नव्हता.

हा प्रश्न उपग्रहाने सोडवला. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या लहरीपुढे सह्याद्रीची काय मातब्बरी? आधी ती लहर थेट घरात आली नाही. १९९१ नंतर केबलवाल्याने जाळीची भलीमोठी छत्री लावली, स्टारच्या वाहिन्या पकडल्या, १९९२च्या ऑक्टोबरपासून झी टीव्ही पकडला आणि इमारती-इमारतींवरून काळी वायर टाकून घरोघर वाटला. वायरीच्या शेवटच्या टोकाच्या घरांना कायम मुंग्या. थेट घरापर्यंतचा उपग्रह, म्हणजे डीटीएच, २००३पासून खासगी कंपन्यांकडून आणि २००४च्या डिसेंबरपासून दूरदर्शनकडून आला. मुंबईत २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशा शहरांत २०१३ साली केबलही डिजिटल झाली. डिजिटल चित्राला मुंग्या येत नाहीत: एक तर ते स्वच्छ येतं, नाही तर चौकोन पडून गोठतं. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. त्यामुळे ‘थोडं खराब दिसतंय, चालेल’ ही जुनी सवड संपली आणि छत्री नीट बसवणं अधिकच महत्त्वाचं झालं.

ते काम जवळून पाहू. पुण्यातल्या गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसवायची आहे. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. पुण्याहून त्याची दिशा उत्तरेपासून सुमारे १३२ अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून सुमारे ५९ अंश. नागपूरहून तोच थोडा अधिक दक्षिणेकडे, १४४-१४५ अंशांवर. पहिलं काम पाइपाला ओळंबा लावणं. पाइप तिरका असेल तर पुढची सगळी मापं चुकतात, आणि घाईत असलेला माणूस नेमकं हेच टाळतो. छत्री पाहून फसायला होतं: ती अपेक्षेपेक्षा उभी दिसते, कारण लहर तिच्या मध्यावर सरळ न आदळता तिरकी येऊन खालून पुढे आलेल्या एलएनबी नावाच्या डबीवर जमा होते. बघते ती चांगली उंच आभाळात.

मग डब्याच्या पडद्यावर दोन पट्ट्या उघडायच्या: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली पाहून काम झालं असं समजू नये. छत्री भलत्याच उपग्रहाकडे असली तरी ती भरते. खरी ती क्वालिटी. छत्री अगदी सावकाश, नखभर नखभर फिरवायची, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण डब्याला समजायला तेवढा वेळ लागतो. क्वालिटी दिसली की एलएनबी त्याच्या पकडीत किंचित गोल फिरवून ती आणखी वाढवायची. नट आवळताना छत्री हलते, म्हणून सगळे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. उघड्या आभाळात क्वालिटी जेमतेम आली असेल तर आषाढातल्या पहिल्या मोठ्या सरीला चित्र जाणार हे नक्की. या पट्ट्यातली लहर पाण्याच्या थेंबांत विरते. पावसाचा इलाज कोरड्या दिवशीच करून ठेवावा लागतो.

फ्लॅट घेतानासुद्धा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे पाहिले जाणारे बहुतेक उपग्रह पूर्व-आग्नेय ते दक्षिण-आग्नेय या टापूत आहेत. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या बाल्कनीतून त्यांतला एकही दिसत नाही. मग गच्चीच हवी, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी. झाडाचा हिशोबही सोपा आहे. ५९ अंश उंचीच्या उपग्रहासाठी, दहा मीटर दूरचं झाड छत्रीपेक्षा सोळा मीटर उंच असलं तरी चालतं. पण माड वाढतो आणि झावळ्या वाऱ्याने डोलतात, तेव्हा जरा हात सैल ठेवून जागा निवडावी.

वायरीवर काटकसर करू नये. आरजी-६ जातीची, चांगल्या तांब्याची आणि दाट जाळीची केबल घ्यावी, मध्ये जोड देऊ नयेत. घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं आणि डब्यात जात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात खाऱ्या हवेने जोड दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. त्यांवर पाणी न शिरणारी टेप घट्ट गुंडाळावी. तिकडे माकडांचाही उपद्रव मोठा. एलएनबीचा दांडा त्यांना लोंबकळायला सोयीचा, म्हणून पाइप कौलांपासून जरा दूर, भिंतीला पकडलेला बरा. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडते. पाइपाला आर्थिंग द्यावंच, शिवाय आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, टीव्हीचा प्लग आणि डब्याची अँटेना-वायर दोन्ही काढून ठेवावीत. नुसता स्विच बंद केल्याने काही वाचत नाही, वीज वायरीतून येते.

आता निवड कशाची करायची? माझं मत स्पष्ट आहे. खेडेगावात किंवा मोजक्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात फ्री डिश आधी लावावी. साधारण दोन हजारांचा एकदाचा खर्च, महिन्याचं भाडं शून्य. २०१९च्या नियमांनी केबल-डीटीएचला पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर असा महिन्याचा कमाल आकार ठरला होता, आणि वर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे पैसे वेगळे. घरात एक-दोनच वाहिन्या पाहिल्या जात असतील तर असा आकार वर्षाला बराच होतो. फ्री डिशवर दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आहे. खासगी वाहिन्या मात्र लिलावाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे आवडती मालिका तिथे आहे का हे आधी पाहावं. डबा एमपेग-४ चालणारा घ्यावा, जुन्या डब्यांवर कित्येक वाहिन्या दिसतच नाहीत. शहरात चांगलं ब्रॉडबँड असलेल्या घराला छत्रीची गरज कमी होत चालली आहे हे खरं, पण वृद्ध माणसांच्या हातात आकडा दाबला की सरळ वाहिनी लागणारा रिमोट असावा, पासवर्ड विचारणारी अ‍ॅप नसावीत, असं मला मनापासून वाटतं.

पडद्याचा आकार शेवटी ठरवावा, आधी नव्हे. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर त्याच्या वीसपट ठिपके. म्हणजे आलेला प्रत्येक ठिपका वीस ठिकाणी ताणला जातो. घरात मुख्यतः फ्री डिश किंवा एसडी केबल पाहिली जात असेल तर बत्तीस इंची पडदाच देखणा दिसेल. एचडी असेल तर त्रेचाळीस इंची, सहा-सात फुटांवरून. त्याहून मोठा घ्यायचा तर येणारं चित्रही तेवढ्या तोलाचं हवं. आणि टीव्ही शोकेसच्या वर मान उंचावून पाहायला टांगू नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास.

जुने दांडीचे अँटेना आता गंजत पडले आहेत. दूरदर्शनने बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले. मुंबई आणि औरंगाबाद धरून सोळा शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली सुरू झालं, पण ते पकडणारा ट्यूनर दुकानातल्या टीव्हींत क्वचितच होता, त्यामुळे फार थोड्या घरांना त्याची खबर लागली. आता मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण घेण्याच्या चाचण्या प्रसारभारती आणि आयआयटी कानपूर यांनी चालवल्या आहेत. कल्पना मोलाची आहे. पुरात, वादळात मोबाइलचं जाळं कोलमडतं तेव्हा ती उपयोगी पडेल. पण ही लहर पुन्हा जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच निघणार, आणि घाट, सातपुडा, मेळघाट जागच्या जागी आहेत. मनोरे कुठे उभारायचे याचा नकाशा काढताना धडगाव, चिखलदरा, राजापूरच्या खोऱ्यांपासून सुरुवात करावी. मुंबई-पुण्याला चित्र मिळवायचे दहा मार्ग आहेत.