तळ्यातील माशांच्या उवा : औषध, लेसर आणि बांबूची चटई

कापडाच्या गाठीला कसर लागली की वरचा तागा झटकून भागत नाही, अंडी आतल्या घडीत असतात, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. तळ्यातल्या माशांचेही तसेच आहे. शहापूर-मुरबाडकडे कोणाच्या शेततळ्यात भागीने पैसे घालण्याचा विचार असेल, तर आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, हे नाव आधी ठाऊक असावे.

रोहू, कटला, मृगळ या तिन्ही जातींवर ती बसते. चपटी, गोलसर, जवळजवळ पारदर्शक, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. दोन चोषकांनी माशाला चिकटते, सुईसारखा काटा टोचते आणि रक्त पिते. मासा दगडाला अंग घासतो, उड्या मारतो, खाणे सोडतो. वजन भरत नाही, आणि लाल डागांचा माल कल्याणच्या बाजारात कोण भावाने उचलणार?

औषधे आहेत. खाद्यातून एमामेक्टिन देतात, पाण्यातून डेल्टामेथ्रीन. हे दुसरे म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाला लावतात तेच. प्रमाण चुकले तर उवांबरोबर मासेही जातात. तेव्हा अंदाजाने ओतण्याचे हे काम नव्हे. शिवाय औषधाने अंगावरची ऊ मरते, अंडी मरत नाहीत. मादी मासा सोडून दगड, बांबू, फळी अशा कठीण जागी ओळीने अंडी चिकटवते. ऊबदार पाण्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात आणि तळे पुन्हा उवांनी भरते. मालक म्हणतो, औषध नकली निघाले. पुष्कळदा दुसरी मात्रा अंडी फुटण्याच्या बेताने द्यायची राहून गेलेली असते.

नॉर्वेत सामन माशांच्या उवांवर एमामेक्टिन इतके वापरले गेले की उवा त्याला जुमानेनाशा झाल्या. तेथे आता पाण्यात कॅमेरा सोडतात, यंत्र ऊ ओळखते आणि लेसरचा झोत सोडून तिला जाळते. वाचायला मजा वाटते. पण ते समुद्राच्या स्वच्छ पाण्यात. आपल्या तळ्याच्या हिरव्या, गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला हातभर दिसायची मारामार, आणि त्या यंत्राची किंमत रोहूच्या भावातून निघणारी नाही.

आपल्याला परवडणारी तजवीज साधी आहे. तळ्यात जागोजाग फळ्या किंवा बांबूच्या चटया उभ्या सोडायच्या. मादी तेथे अंडी घालते. आठवड्याने चटई काढून कडक उन्हात वाळवायची, पुन्हा सोडायची. पाणी आत येते त्या तोंडाला इंचाला साठ छिद्रांची नायलॉन जाळी बांधायची. जाळीचा पोत पारखणे आपल्याला जड नाही. बोटुकली विकत घेताना काही मासे पांढऱ्या तसराळ्यात घेऊन भिंगाखाली बघावेत, कारण ऊ बहुधा बीजाबरोबरच येते. पीक काढल्यावर तळे तळापर्यंत सुकवावे.

दुखणे ओळखू आले नाही तर वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तेथे माशांच्या आरोग्याचा विभागही आहे. मेलेला, सडका मासा नेऊ नये. ऊ मेलेला मासा सोडून जाते. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात न्यावा. आणि भागीचा कागद करताना औषधाचा व चटया काढण्या-घालण्याचा मजुरीखर्च कोणाच्या खात्यावर, हे त्यात लिहून घ्यावे.